तिसऱ्यांदा आलेले 'सांगितले'

गेल्या आठवड्यात सकाळी पेपर वाचत होतो आणि चहा तसाच राहिला. बातमी साधी होती. एका बाईचा नवरा कामावर म्हणून गेला तो परत आला नाही, पोलीस शोध घेताहेत. खाली वाक्य होते, 'पती मंगळवारपासून घरी परतला नसल्याचा दावा पत्नीने केला.' दावा! अहो, नवरा घरात नाही हे बायको सांगते आहे, त्यात दावा कसला? त्याच पानावर एका पुढाऱ्यांनी सगळे रस्ते पुढच्या महिन्यात गुळगुळीत होतील असे 'स्पष्ट केले' होते. जे अजून झालेलेच नाही ते हे गृहस्थ स्पष्ट करणार, आणि जे घडून गेले त्याचा ती बिचारी दावा करणार. मी पेपर टेबलावर आपटला. आतून सून म्हणाली, "बाबा, बीपीची गोळी घेतली का?"

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या नोकरीतल्या गमतीजमती लिहा' असे कळवले आहे. गमती आहेत, त्या लिहितो. पण मी रागात लिहायला बसलो आहे, हे आधीच सांगून ठेवतो. आणि तो राग सगळाच त्या पेपरवाल्यांवर नाही.

सत्तरच्या दशकात मी सोलापुरात एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. उपसंपादक म्हणजे संपादकाच्या खालोखालचा मोठा माणूस, अशी माझ्या सासऱ्यांची लग्न जमवताना समजूत करून देण्यात आली होती. प्रत्यक्षात उपसंपादक म्हणजे दुसऱ्याने आणलेली बातमी सरळ करायची, जागेत बसेल एवढी कापायची, वर मथळा द्यायचा आणि चुकले की बोलणी खायची. सकाळी आठला टेबलाशी बसलो की दोनपर्यंत मान वर होत नसे. आमचा अंक गिरणीची पाळी सुटायच्या वेळेला रस्त्यावर लागायचा. भोंगा झाला आणि अंक आला नाही, तर दारात अंक विकणारे शिव्या घालत उभे राहायचे. बाहेर पडणारा कामगार पाच-सहा जणांत मिळून एक अंक घ्यायचा आणि चहाच्या टपरीवर एकजण मोठ्याने वाचायचा. म्हणजे आम्ही जे छापायचो ते गल्लीभर ऐकू जायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचे मालक आणि संपादक एकच, तात्या. पूर्वी शाळेत मराठी शिकवायचे. भाषेवर अतोनात प्रेम, आणि त्या प्रेमाचा जाच आम्हाला. त्यांचा एक नियम होता : एका बातमीत एक क्रियापद दोनदा येता कामा नये. कोणी दोनदा 'सांगितले' लिहिले की तात्या कागद नाकाशी धरून विचारायचे, "पंगतीला नुसती भाकरीवर भाकरी वाढायची का हो? आमटी, चटणी काही आहे की नाही?" आमची सोय व्हावी म्हणून त्यांनी चादरीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा भिंतीवर टांगला होता. त्यावर दौतीच्या शाईने सुरेख अक्षरात यादी होती. म्हणाले, सांगितले, नमूद केले, प्रतिपादन केले, स्पष्ट केले, ग्वाही दिली, निक्षून सांगितले, मत मांडले, आरोप केला, दावा केला, कबूल केले, अशी एकूण सत्तावीस. बातमी लिहिताना हात कागदावर आणि डोळे पुठ्ठ्यावर, अशी आम्हा सगळ्यांची सवय झाली होती. एक वापरून झाले की पुढचे घ्यायचे.

बाहेरच्या माणसाला यात काय एवढे, असे वाटेल. म्हणून सांगतो. 'म्हणाले' आणि 'सांगितले' ही दोन निर्मळ आहेत. माणूस बोलला, आम्ही ऐकले, एवढेच ती म्हणतात. बाकीच्या पंचवीसमध्ये प्रत्येक ठिकाणी आमचा हात लागलेला असतो. 'दावा केला' लिहिले की आमचा विश्वास नाही असे सुचवले जाते. 'स्पष्ट केले' लिहिले की माणूस खरेच बोलतोय असे आम्ही वाचकाला परस्पर सांगून टाकतो. 'कबूल केले' लिहिले की आधी काहीतरी पाप घडले होते, हे ठरूनच जाते. वाचकाला हे कळत नाही, पण मनात मात्र बरोबर उतरते. हे मला कोणी शिकवले नाही. शिकलो तेव्हा फार उशीर झाला होता.

गमती म्हणाल तर ढीगभर. टेंभुर्णीहून एक वार्ताहर बातम्या पाठवायचे. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर पाकीट यायचे. त्यांचा प्रत्येक माणूस गर्जना करायचा. सरपंचांनी गर्जना केली, ट्रकमालकांनी गर्जना केली, एकदा तर बालवाडीच्या बाईंनी मुलांना स्वच्छतेचे महत्त्व सांगताना गर्जना केली. मी ती काढून 'सांगितले' केले, तर हे गृहस्थ ऑफिसात हजर. "तुमी आमच्या गावाला मिळमिळीत करायलाय, साहेब," म्हणाले. "त्या बाई खरंच लई मोठ्यानं बोलतेत की!"

दुसरे एक सुताचे व्यापारी. कुठल्याही समारंभाला अध्यक्ष. एकदा बातमीत 'ते म्हणाले' आले म्हणून रागावून आले. "म्हणाले तर कुणीबी म्हणतंय. मी अध्यक्ष होतो. मला प्रतिपादन पायजे." दिले त्यांना प्रतिपादन. पुढच्या वेळी 'मार्मिक' पण मागितले, तेही दिले. आम्ही हसायचो, आणि हसता हसता काय करत होतो ते कळत नव्हते. मोठ्या माणसाला त्याच्या मापाचे क्रियापद आम्ही शिंप्यासारखे शिवून देत होतो. लहान माणूस माप द्यायला येतच नव्हता. त्याच्या वाट्याला पुठ्ठ्यावर जे उरेल ते.

आता ज्याच्यासाठी बसलो ते लिहितो.

शहरातल्या एका खासगी संस्थेची शाळा होती. नाव घेत नाही. मधल्या सुट्टीत मुलांना दूध मिळायचे, पावडर पाण्यात कालवून केलेले. एका उन्हाळ्यात, परीक्षेच्या आधी, ते पिऊन पंचवीस-तीस मुलांना उलट्या सुरू झाल्या. सिव्हिलमध्ये नेली, दोन दिवसांत सगळी बरी झाली. पण गावात हलकल्लोळ. आमचा बातमीदार गायकवाड सकाळी धावतपळत जाऊन तिघांशी बोलून आला. डॉक्टर म्हणाले, पाणी खराब असावे. संस्थेचे चिटणीस म्हणाले, गच्चीवरची टाकी दर महिन्याला साफ केली जाते. आणि दूध कालवणाऱ्या बाई, शांतव्वा त्यांचे नाव, म्हणाल्या, पाणी टाकीतलेच घेतले होते, रोज तेच घेते. टाकीला झाकण नाही, हे दोनदा ऑफिसात सांगितले होते.

गायकवाडने सरळ लिहिले होते. डॉक्टरांनी सांगितले, चिटणिसांनी सांगितले, शांतव्वा यांनी सांगितले. तीनदा. मी पुठ्ठ्याकडे पाहिले. डॉक्टरांना 'सांगितले' ठेवले, शिकलेला माणूस, चालेल. चिटणिसांना 'स्पष्ट केले' दिले, ते त्यांना शोभत होते. आणि तिसऱ्या ठिकाणी पेन क्षणभरसुद्धा थांबले नाही. 'पाणी टाकीतीलच घेतल्याचे शांतव्वा यांनी कबूल केले.' वाक्य छान वाटले. तीन वाक्ये, तीन क्रियापदे. तात्या काही बोलणार नाहीत याचे समाधान वाटले, तेही कबूल करतो.

कागद खाली छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरे, जुळवायला गेला. तिथे रहीमभाई होते. एकेक अक्षर खणाखणांच्या केसमधून उचलून ओळी बांधणारा माणूस. मराठी शाळा चौथीपर्यंत, पण मी पाहिलेला सगळ्यात चांगला वाचक. डोळ्यांनी वाचणाऱ्याला वाक्य निसटते, बोटांनी वाचणाऱ्याला निसटत नाही. दहा मिनिटांनी ते हातात ओळी घेऊन वर आले.

"साब, ये बाई ने कबूल कब किया? इधर गायकवाड का कागद में तो सांगितले है."

"अहो, तीनदा आलं होतं. तात्यांना चालत नाही."

"मगर साब, कबूल तो गुन्हा करनेवाला करता."

"रहीमभाई, दीड वाजलाय. लावा."

त्यांनी लावले. त्यात आणखी एक झाले. पान बांधताना तीन ओळी जास्त भरल्या. बातमी कापायची तर खालून कापायची, ही आमच्या धंद्याची रीत, कारण महत्त्वाचे ते वर असते असे आम्ही धरून चालतो. मी म्हटले, शेपूट काढा. ते शेपूट म्हणजे झाकण नसल्याचे शांतव्वांनी दोनदा सांगितले होते, ते वाक्य. ते शिसे परत केसमध्ये गेले. भोंगा झाला, अंक बाहेर पडला, आणि भवानी पेठेत शांतव्वा जिथे राहायच्या त्या गल्लीच्या तोंडाशी टपरीवर कोणीतरी मोठ्याने वाचले की या बाईने कबूल केले.

आठवड्याने त्या आल्या. चाळिशीच्या, काठापदराचे स्वच्छ जुने लुगडे, कपाळाला विभूती. मूळच्या दुधनीच्या, नवरा वारल्यावर इथे आलेल्या. हातात दोन कागद. एक आमच्या बातमीचे कात्रण, दुसरे संस्थेचे पत्र. पत्रात लिहिले होते की वर्तमानपत्रासमोर आपण दिलेल्या कबुलीवरून आपल्याला कामावरून का काढू नये, याचा खुलासा शनिवारी अकरा वाजता कमिटीपुढे करावा.

"पेपरात लिवणारे तुमीच का?"

"हो. बसा."

"बसाय न्हाय आले. मी काय कबूल केलंय, तेवढं सांगा."

मी काहीतरी पुटपुटलो. म्हटले, तुम्ही टाकीतले पाणी घेतले असे म्हणालात ना?

"व्हय, म्हणाले की! मग दुसरं कुटलं घेऊ? शाळंत दुसरं पाणी हाय का? त्या पोरानं इचारलं, मी सांगितलं. लपवायचं असतं तर सांगितलं असतं का? चोरून केल्यावर माणूस कबूल करतंय. मी चोरून काय केलं?" आवाज वाढला नव्हता. पुढे म्हणाल्या, "झाकणाचं बी सांगितलं होतं. ते न्हाय आलं पेपरात. ते कुटं गेलं?"

या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते. ते शिसे झाले होते, आणि आता कुठल्यातरी दुसऱ्या बातमीत, सिनेमाच्या जाहिरातीत वगैरे, बसले असेल. हे त्या बाईला कसे सांगायचे? मी म्हणालो, खुलासा छापतो.

त्यांच्या समोरच खुलासा लिहिला. 'अमुक तारखेच्या बातमीत शांतव्वा यांनी कबूल केले असे आमच्या चुकीने छापले गेले. त्यांनी फक्त माहिती दिली होती. टाकीला झाकण नसल्याचे आपण दोनदा कळवले होते, असेही त्यांनी सांगितले होते. ते वाक्य जागेअभावी गेले.' वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आता बरोबर हाय," आणि गेल्या.

मी कागद घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी वाचला आणि चष्मा काढला.

"बाई टाकीतलं पाणी घेतलं म्हणाली का नाही?"

"म्हणाली."

"मग मजकूर खोटा आहे का?"

"मजकूर खोटा नाही तात्या, शब्द खोटा आहे. चिटणीस टाकी साफ असते म्हणाले, त्यांना आपण 'स्पष्ट केले' दिलं. तिथे तर मजकूरच खोटा निघाला. टाकीत कबूतर मरून पडलं होतं म्हणतात."

"म्हणतात," तात्या म्हणाले. "कोण म्हणतं? आणि ते चिटणीस आहेत. ती बाई दूध कालवते."

हे ते रागाने बोलले नाहीत. सूर्य पूर्वेला उगवतो या सुरात बोलले, आणि मला आजही चीड येते ती त्या सुराची. माणूस वाईट नव्हता. माझ्या मुलाच्या आजारपणात स्वतः डबा घेऊन आला होता. पण कोणाला कुठले क्रियापद शोभते हे त्याच्या मनात पुठ्ठ्याच्या आधीपासून लिहिलेले होते, आणि माझ्याही.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला. शेवटच्या पानावर, सिनेमाच्या वेळापत्रकाखाली, तीन ओळी. तात्यांनी स्वतः लाल पेन्सिलीने दुरुस्त केला होता. 'आपण असे काहीही कबूल केले नसल्याचा दावा श्रीमती शांतव्वा यांनी केला आहे.'

दावा! चूक आमची, आणि दावा तिचा. ते वाचल्यावर मी काय केले? काही नाही. पुढची बातमी हातात घेतली.

शुक्रवारी त्या परत आल्या. कोणीतरी खुलासा वाचून दाखवला होता. यावेळी रागावल्या नाहीत, त्याने जास्त लागले. म्हणाल्या, "कागदावरचं राहू द्या. ते तुमच्या हातातलं दिसंना. उद्या अकराला कमिटी हाय. तुमी येऊन तोंडानं सांगता का? हिनं सांगितलं होतं, कबूल म्या लिवलं, एवढंच. दोन मिनिटाचं काम हाय."

मी म्हणालो, अकराला पहिलं पान बांधायचं असतं. बघतो.

'बघतो' म्हणजे काय, हे सोलापुरात काय, साऱ्या महाराष्ट्रात कळते. त्यांनाही कळले. त्या पायऱ्या उतरून गेल्या. शनिवारी अकरा वाजता मी माझ्या टेबलाशी होतो. पहिल्या पानावर काय होते ते आज आठवत नाही. शाळा ऑफिसापासून चालत दहा मिनिटांवर होती. तात्यांनी नोकरीवरून काढले असते? कदाचित नसते काढले. मी त्यांना विचारलेच नाही, म्हणजे त्यांच्यावर ढकलायची सोयही मी ठेवली नाही.

शांतव्वांना कामावरून काढले. टाकीला त्याच महिन्यात झाकण बसले. गल्लीत लोक त्यांच्या हातचे पाणी घ्यायलासुद्धा का-कू करू लागले, असे कानावर आले. महिन्या-दोन महिन्यांत त्या खोली सोडून दुधनीला भावाकडे गेल्या.

यानंतर रहीमभाईंनी एक सवय लावून घेतली. कुठल्याही बातमीत 'कबूल' आले की ते ओळ जुळवायचे थांबवायचे, कागद घेऊन जिना चढून वर यायचे आणि सगळ्यांच्या देखत विचारायचे, "साब, सच में कबूल किया क्या?" दहापैकी आठ वेळा ज्याने लिहिले त्याला ते काढावे लागले. तात्या वैतागायचे, पण रहीमभाईंसारखा हात दुसरा मिळाला नसता, म्हणून गप्प बसायचे. मी मात्र त्या शनिवारनंतर 'सांगितले'ला 'सांगितले'च ठेवले, एका बातमीत पाचदा आले तरी. भाकरीवर भाकरी म्हणून आयुष्यभर टोमणे खाल्ले.

दोनेक वर्षांनी, रहीमभाईंच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणे झाल्यावर बाहेर खुर्च्या टाकून बसलो होतो. मी होऊन तो विषय काढला. म्हटले, त्या दिवशी कोणीतरी जायला हवे होते.

"मैं गया था साब," रहीमभाई म्हणाले.

त्या शनिवारी ते तासभर नव्हते, हे आठवले. पोट बिघडले म्हणून गेले होते, आणि मी घाईच्या वेळी गेले म्हणून चिडलो होतो.

"अंदर नै लिए. दरवाजे पे पूछे, तू कौन? मैं बोल्या, वो लफ्ज मेरे हाथ से लगा है. वो हँसने लगे. बोले, लिखनेवाले को भेज."

ते हे तक्रारीने सांगत नव्हते.

तात्या आता नाहीत, रहीमभाई नाहीत, ते सायंदैनिकही नाही. ऑफिस आवरताना पुठ्ठा मी घरी आणला. माळ्यावर आहे. उंदरांनी एक कोपरा खाल्लाय, नेमका 'ग्वाही दिली'चा. शांतव्वा असतील-नसतील. दुधनीला मी कधी गेलो नाही. गाडी तिथे थांबते, दोनदा त्याच गाडीने पुढे गेलो, पण उतरलो नाही. उतरून काय सांगणार होतो, हे ठरत नव्हते. आता ठरले आहे. त्यांचा खुलासा मी एकदा बरोबर लिहिला होता, तो छापला गेला नाही. तो आज छापतो. या अंकाच्या संपादकांना माझी विनंती आहे, यातले एकही क्रियापद बदलू नये, आणि जागा कमी पडली तर वरून कापावे.

खुलासा. शाळेतील दुधाच्या बातमीत शांतव्वा यांच्याविषयी चुकीचा शब्द छापला गेला होता. पाणी टाकीतलेच घेतले, असे त्यांनी सांगितले. टाकीला झाकण नाही हे दोनदा कळवले होते, असेही त्यांनी सांगितले. शनिवारी अकरा वाजता येऊन हे तोंडी सांगा, असे त्यांनी मला सांगितले. मी गेलो नाही, हे मी कबूल करतो.